हिमालयातील वनशिबिर : तंबू ठोकण्यापूर्वीची पूर्वतयारी

देवदारांच्या सावलीत, खळाळत्या नदीच्या काठी तंबू ठोकून चार रात्री घालवाव्यात, ही ओढ दरवर्षी अनेकांना हिमालयाकडे घेऊन जाते. सह्याद्रीतील गडकोट पालथे घातलेल्या मराठी भटक्यांना हा बेत सोपा वाटण्याची शक्यता असते. मात्र सह्याद्रीचा अनुभव येथे अपुरा ठरतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे जाणवू लागतो. म्हणजेच सह्याद्रीत कधीही न भेटलेला धोका हिमालयातील दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामीच समोर उभा राहतो. त्यामुळे अशा शिबिराचे यश बव्हंशी घर सोडण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते. हिमाचल प्रदेशातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून हे नियोजन समजून घेता येते.

उद्यानाची ओळख

कुलू जिल्ह्यातील या उद्यानाची अंतिम अधिसूचना १९९९ मध्ये निघाली. २०१४ मध्ये युनेस्कोने उद्यान व लगतचा संरक्षित प्रदेश मिळून सुमारे ९०५ चौरस किलोमीटर क्षेत्राचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. देवदार, कैल आणि ओकची अरण्ये, त्यावर उंच गवताळ कुरणे आणि शेवटी हिमशिखरे अशी येथील रचना आहे. कस्तुरीमृग, हिमालयीन ताहर, काळे अस्वल आणि ‘जुजुराणा’ नावाने ओळखला जाणारा दुर्मिळ पक्षी यांचे हे आश्रयस्थान आहे.

मंडी-कुलू मार्गावरील औट येथून लारजी, बंजारमार्गे तीर्थन खोऱ्यातील गुशैणी गावी पोहोचता येते. मोटारीचा रस्ता संपल्यावर पायवाट सुरू होते. नदीकाठचा रोल्ला (सुमारे २,१०० मीटर) आणि त्यावरील शिल्ट (सुमारे ३,१०० मीटर) हे नवोदितांच्या परिचयाचे मुक्काम आहेत.

हंगामाची निवड

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि पावसाळा ओसरल्यानंतर सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ अनुकूल असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, ओढ्यांना अकस्मात पूर येतात. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीने कुलू जिल्ह्यातील रस्ते व पूल वाहून नेले होते. हंगाम चांगला असला तरी परतीच्या प्रवासाच्या तिकिटापूर्वी एक-दोन दिवस राखीव ठेवणे हिताचे ठरते. गाडी चुकेल या भीतीने खराब हवामानात डोंगर उतरणे हा अनेक अपघातांचा आरंभ असतो.

परवाना आणि वाटाड्या

उद्यानात प्रवेशासाठी वनविभागाचा परवाना आवश्यक असतो. गुशैणीच्या वाटेवरील साईरोपा येथील कार्यालयात त्याची व्यवस्था होते. छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत ठेवावे.

स्थानिक वाटाड्या सोबत घेण्यामागे सुरक्षिततेबरोबरच दुसरेही कारण आहे. उद्यान घोषित झाल्यावर परिसरातील गावकऱ्यांचे आतील चराईचे, औषधी वनस्पती व गुच्छी अळंबी गोळा करण्याचे हक्क संपुष्टात आले. या जंगलासाठी ज्यांनी उपजीविकेचा एक भाग गमावला, त्यांना पर्यटनातून रोजगार मिळणे न्यायाचे आहे.

उंचीचे गणित

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. रोल्ला ते शिल्ट ही एकच चढाई मुक्काम हजार मीटरने उंचावते. म्हणून मैदानी प्रदेशातून आलेल्यांनी गुशैणी व रोल्ला येथे किमान एकेक रात्र काढल्याखेरीज वर जाऊ नये. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही प्रारंभिक लक्षणे होत. ती दिसल्यास चढाई थांबवावी. तोल जाणे, असंबद्ध बोलणे किंवा विश्रांती घेतानाही धाप लागणे ही लक्षणे आढळल्यास रुग्णाला त्वरित खाली आणावे. अशा वेळी सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

तंबूची जागा

नदीला लागून असलेली सपाट वाळू मोहक दिसते, पण ती नदीचीच जागा असते. वर पडलेला पाऊस खाली निरभ्र आकाश असतानाही पाणी वाढवू शकतो. धरणांच्या खालच्या बाजूस तर पावसाचीही गरज नसते. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तंबू पात्रापासून दूर व उंचावर, कोरड्या नाल्याबाहेर आणि वाळक्या झाडांपासून लांब असावा. अस्वलांचा वावर लक्षात घेऊन खाद्यपदार्थ तंबूत ठेवू नयेत.

सामान आणि शिधा

दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे उन्हाळ्यातही गरम कपडे, चांगली स्लीपिंग बॅग, जमिनीचा गारवा अडवणारी मॅट आणि पावसाळी कोट अनिवार्य ठरतात. टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचार पेटी व नेहमीची औषधे प्रत्येकाच्या स्वतःच्या पिशवीत असावीत. स्टोव्हचे गॅस सिलिंडर विमानात वा रेल्वेत नेता येत नाहीत. इंधनाची सोय वाटाड्यामार्फत आधीच करावी. जंगलात शेकोटीवर विसंबू नये. ओढ्याचे पाणी उकळून प्यावे. २,००० मीटरच्या वर ते किमान तीन मिनिटे उकळू द्यावे. मोबाइलचा संपर्क तुटणार हे गृहीत धरून मार्ग, मुक्काम आणि परतीची तारीख घरी व वनकार्यालयात लेखी कळवावी.

जंगलाचा मान

ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने त्या राज्यातील ‘बुग्याल’ म्हणजेच उंच गवताळ कुरणांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. तंबूंची दाटी आणि कचऱ्याने कुरणांची जी हानी झाली, ती या आदेशामागे होती. अन्य राज्यांतील पर्यटकांनीही त्यातून बोध घ्यावा. कचरा परत आणावा, शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर वीतभर खोल खड्डा खणून तो बुजवावा आणि भांडी थेट ओढ्यात धुऊ नयेत. तंबू उचलल्यावर त्या जागी केवळ दबलेले गवत उरावे, म्हणजे पुढे येणाऱ्यांनाही हे अरण्य तसेच भेटेल.