भाड्याच्या पावतीवर न लिहिलेला खर्च

आजच्या भाषणाची सुरुवात एका थकलेल्या हप्त्यापासून करतो.

आमच्या ओळखीच्या एका बचत गटातल्या ताईंच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली. धाकट्या भावाला शिकायला तिने बरोबर नेलं. दोघांसाठी एका जुन्या इमारतीत घर बघितलं, भाडं 8,000 रुपये. डिपॉझिटसाठी 30,000 रुपये ताईंनी गटातून उचलले. पगारातून भाडं वजा जाता हप्ता आरामात फिटेल, असा हिशोब सगळ्यांनी मिळून केला होता. तिसऱ्याच महिन्यात हप्ता थकला. मीटिंगमध्ये कुजबुज झाली, "शहरात गेली की पोरींचे हात सुटतात." ताई मान खाली घालून बसल्या.

मुलगी सुट्टीत आली तेव्हा आम्ही तिच्या वहीवरून सगळा खर्च परत मांडला. उधळपट्टी कुठेच नव्हती. चूक आमच्या हिशोबात होती. आम्ही भाडं मोजलं होतं, घर मोजलंच नव्हतं.

भाडं आणि घराचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गल्लत आजची नाही. आपल्याच गावांतून मुंबईला गेलेल्या माणसांनी दीडशे वर्षं तिची किंमत मोजली आहे. म्हणून आज आपण जरा मागे जाऊन बघू.

मुंबईला विहार तलावाचं पाणी नळाने मिळू लागलं 1860 च्या सुमारास. त्याआधी विहिरी आणि तळी होती. नळ आला तसा पाण्याचा करही आला. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात घरावरच्या करात निरनिराळे भाग होते. पाण्याचा कर होता, सर्वसाधारण कर होता आणि 'हलालखोर कर' नावाचाही एक कर होता. घराघरातला मैला उचलून नेणाऱ्या सफाई कामगारांना त्या काळी हलालखोर म्हणत. त्यांच्या कामाचा खर्च या करातून भागायचा. म्हणजे पाणी, सफाई, रस्त्यावरचे दिवे यांपैकी काहीच फुकट नव्हतं. मालक कर भरायचा आणि भाड्यातून वसूल करायचा.

भाडेकरूला मात्र एकच आकडा दिसायचा, खोलीचं भाडं. त्यात पाण्याचे किती, सफाईचे किती, हे त्याला कोण सांगणार? आणि जे पैशात दिसत नव्हतं ते बायकांच्या अंगावर यायचं. पाण्याचा कर भाड्यात भरलेला असला, तरी साऱ्या चाळीत नळ एक-दोन. पहाटे उठून रांग लावायची, भांडणं सोसायची आणि हंडे-बादल्या घेऊन जिने चढायचे. मालकाने नळ कमी बसवून पैसे वाचवले, ते बायकांनी कमरेने फेडले.

1896 साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांत माणसं पटापट मेली. मग 1898 मध्ये सरकारने सुधारणा ट्रस्ट काढला. जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, काही नव्या चाळी बांधल्या. पुढे 1920 मध्ये सरकारचं विकास खातं निघालं. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ज्यांना आपण बीडीडी चाळी म्हणतो, त्या याच खात्याने बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत साधारण 80 खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची. संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. या कामासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. घरं गिरणी कामगारांसाठी बांधली, तरी सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. चार भिंती उभ्या केल्या म्हणजे माणूस राहायला येतो असं नाही. तिथे राहायला महिन्याकाठी काय पडेल, हे तो आधी बघतो.

त्याच सुमारास, 1921-22 मध्ये, मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची मोठी पाहणी केली. शंभरातली 97 कुटुंबं एकाच खोलीत राहतात, असं त्यात आढळलं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, महागाई मोजायला या कार्यालयाने जे रकाने पाडले, त्यांत घरभाडं वेगळं होतं आणि इंधन-दिवाबत्ती वेगळी. जळण, रॉकेल, काडेपेटी हे सगळं भाड्याशिवायचं. म्हणजे नुसत्या भाड्याने घर चालत नाही, हे शंभर वर्षांपूर्वी सरकारी कागदावर आलं होतं. नळावरच्या रांगेत गेलेले तास मात्र कोणत्याच रकान्यात आले नाहीत.

आता भाड्याच्या कायद्याकडे येऊ. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि मालकांनी भाडी चढवली. तेव्हा 1918 मध्ये कायदा करून लहान घरांची भाडी 1 जानेवारी 1916 च्या पातळीवर आणली. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, म्हणजे 1947 मध्ये, मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. त्यात 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं, ते 'प्रमाणभूत भाडं' धरलं. मालकाला मनाला येईल तसं भाडं वाढवता येईना. कामगारांना याचा फार मोठा आधार झाला. कित्येक कुटुंबं मुंबईत टिकली ती या कायद्यामुळेच.

पण भाडं गोठलं, तरी घराचा खर्च गोठत नाही. पालिकेचे कर वाढले, गवंडी महागला, पाइप गंजले. कायद्यातही याची जाण होती. प्रमाणभूत भाड्याबरोबर 'अनुज्ञेय वाढ' असा शब्द त्यात आहे. कर वाढले तर ठरावीक नियमाने तेवढी वाढ मालकाला घेता येई. तरीही पुष्कळ मालकांनी दुरुस्तीवरचा हात आखडला. काहींनी पागडीच्या नावाने एकरकमी पैसे घेतले, त्याची पावती मिळत नसे. काही जण भाडेकरूला हुसकवायला पाणी तोडत, दिवा तोडत. म्हणून त्याच कायद्यात कलम घालावं लागलं की, अत्यावश्यक सोय मालकाने तोडू नये.

न केलेल्या दुरुस्तीचं बिल शेवटी आलंच. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या. 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. मुंबईत 'सेस बिल्डिंग' म्हणतात ती हीच. भाडं थोडकं, पण वर उपकर. पावतीवर जे वाचलं असं वाटत होतं, ते दुसऱ्या दाराने आत आलं.

पुढे फ्लॅटचा जमाना आला. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली हौसिंग सोसायट्या वाढल्या आणि 'मेंटेनन्स' हा शब्द घरोघरी गेला. जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप, लिफ्ट, वॉचमन, झाडलोट या सगळ्याचा खर्च सभासदांत वाटायचा. आता वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उंच टॉवर उभे राहिले आहेत आणि 2025 मध्ये पहिल्या कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मालकीचं झालं, भाडं संपलं. लिफ्ट आणि पंप मात्र रोज चालवावे लागतातच. घर फुकट मिळालं, तरी ते चालवणं फुकट नसतं.

तर मैत्रिणींनो, एके काळी जो खर्च एका आकड्यात दडलेला होता, तो आज पाच-सहा कागदांवर विखुरला आहे. तेव्हा दिसत नव्हता, आता एकत्र दिसत नाही. तो एका पानावर आणणं हे आपलं काम.

आता त्या मुलीच्या वहीकडे परत जाऊ.

पहिलं, लाइट बिल. एक हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. 75 वॅटचा पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साधारण 22 युनिट. दोन हजार वॅटचा गिझर रोज अर्धा तास, म्हणजे महिन्याला 30 युनिट. फ्रिज असला तर अंदाजे तेवढेच. अशी बेरीज घर घेण्याआधीच करता येते. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटला दर कमी असतो, त्यापुढच्या युनिटला बराच जास्त. मुलीचा वापर 80 युनिटच होता. पण मालकाने तीन घरांना मिळून एकच मीटर ठेवला होता. तीन घरांचे 240 युनिट झाले. त्यातले 100 स्वस्त दराने आणि 140 महाग दराने लागले. स्वतंत्र मीटर असते, तर तिघांचेही सगळे युनिट स्वस्तात बसले असते. महिन्याला तिचा वाटा 900 रुपये यायचा.

दुसरं, पाणी आणि सफाई. 'पाणी आहे' एवढंच सांगितलं होतं. उन्हाळ्यात टँकर लागतो आणि त्याचे पैसे भाडेकरूंकडून घेतात, हे नंतर कळलं. टँकर आणि सफाई धरून महिन्याला सरासरी 700 रुपये. तिसरं, गॅस, 500 रुपये.

चौथं, एकदाच होणारे खर्च. एजंटला एका महिन्याचं भाडं 8,000, कराराचे आणि नोंदणीचे 2,000, सामानाच्या टेम्पोचे 1,000, असे 11,000 रुपये. करार अकरा महिन्यांचा. म्हणजे महिन्याला 1,000 रुपये पडले. पाचवं, डिपॉझिट. ते परत मिळतं म्हणून आम्ही खर्चात धरलंच नव्हतं. पण 30,000 रुपये गटाचे होते, महिना शेकडा एक रुपया व्याजाने. म्हणजे सुरुवातीला महिन्याला 300 रुपये नुसतं व्याज.

सगळं मिळवा. 8,000 भाडं, 900 लाइट, 700 पाणी-सफाई, 500 गॅस, 1,000 एकदाचे खर्च आणि 300 व्याज. एकूण 11,400 रुपये. मुलगी म्हणाली, "मावशी, मी हेच सांगत होते, पण मला मांडता येत नव्हतं." त्या वेळी ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हणून तुमच्या गावातलं कुणी शहरात घर बघत असेल, तर होकार देण्याआधी एवढं विचारायला सांगा. मीटर स्वतंत्र आहे का? मागच्या उन्हाळ्यातलं एक आणि हिवाळ्यातलं एक लाइट बिल दाखवाल का? पाणी किती वेळ येतं, टँकर लागतो का, त्याचे पैसे कोण देतं? सोसायटी असेल तर मेंटेनन्स भाड्यात धरला आहे का? घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. 2001 च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते कुणी भरायचं, हेही आधीच बोलून घ्यावं. डिपॉझिटमधून काय कापणार, तेही विचारावं.

आणि जे ठरेल ते करारात लिहून घ्यावं. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, असं त्यात सांगितलं आहे. भाडं भरल्यावर पावती मिळणं हा भाडेकरूचा हक्क आहे. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई या सोयी योग्य कारणाशिवाय तोडायला मालकाला मनाई आहे. 1947 च्या कायद्यातली ती जुनी गोष्ट याही कायद्यात आली आहे.

त्या मुलीने मालकाशी बोलून पोटमीटर बसवून घेतला. दर तोच राहिला, पण आता वापर दिसतो आणि वाटणीवरून वाद होत नाही. गटाने हप्ता लहान करून मुदत वाढवून दिली. मीटिंगमध्ये ज्या बाईंनी टोमणा मारला होता, त्यांनीच ठराव मांडला की, घरासाठी कर्ज देताना यापुढे नुसतं भाडं विचारायचं नाही, सहाही रकाने भरून घ्यायचे. तो कागद आता गटाच्या फाइलीत आहे.

तुमच्या गटाच्या फाइलीतही असा एक कागद लावा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या बेरजा आम्हाला सांगा. नमस्कार.