पाऊस आमचा, भट्टी सिंधची

आजोबा पावसाला नावानिशी ओळखत. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, आश्लेषांचा आसळका, पुढे मघा-पूर्वांत सासवांचा आणि सुनांचा. नक्षत्राचं वाहन बेडूक किंवा म्हैस निघालं की बदलापूर गावातल्या आमच्या पडवीत चहाचा दुसरा फेरा व्हायचा. गाढव निघालं की आजोबा पंचांग मिटून बिडी पेटवायचे.

आजीचा मात्र पंचांगावर फारसा भरवसा नव्हता. मेअखेरीस वळवाची सर पडली, की ठाकरणी डोंगरातून शेवळं घेऊन स्टेशनाबाहेर बसत. सोबत काकडंही असत, कारण त्यांच्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. आजीच्या हिशेबी पावसाचा खरा सांगावा हा. त्यानंतर वलगण. पहिल्या मोठ्या पावसात उल्हास नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांतून भाताच्या खाचरांत चढतात. तोवर राब भाजून तयार नसला, तर त्या शेतकऱ्याची गावभर थट्टा होई.

आजीच बरोबर होती, असं मला आता वाटतं. मृग लागतो 7 जूनच्या सुमारास; हवामान खात्याच्या तक्त्यात मान्सूनची मुंबईची तारीख आहे 11 जून. जुळणी झकास आहे, पण ती कायमची नाही. नक्षत्रं ऋतूंच्या मानाने साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982चा, म्हणजे 1060 सालचा. त्या काळी मृग आजच्या हिशेबाने मेच्या अखेरच्या आठवड्यातच लागत असे, म्हणजे ऐन वळवाच्या दिवसांत. नक्षत्रांचे आडाखे मधल्या पिढ्यांनी गुपचूप दुरुस्त करत आणले असणार. शेवळांना दुरुस्ती लागत नाही.

आजोबांचे एक स्नेही उल्हासनगरला राहत. कापडाचं दुकान. फाळणीनंतर सक्करहून निघून ते 1948मध्ये कल्याण कॅम्पात आले, तेव्हा उल्हासनगर हे नावही नव्हतं. ते 1949 साली पडलं. युद्धकाळात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत निर्वासितांची सोय केलेली. सक्करला वर्षभराचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, शेती सगळी सिंधू नदीच्या कालव्यांवर. इथे तेवढा पाऊस जुलैत एका दिवसात पडून जातो. पहिल्या पावसाळ्यात ते सर थांबायची वाट बघत बराकीच्या दारात उभे राहत. शेवटी त्यांनी आजोबांना विचारलं, ‘‘दादा, ये बंद कब होता है?’’ आजोबा म्हणाले, ‘‘दसरे के बाद.’’ हा किस्सा ते आजीला ‘भाभी’ म्हणत दर दिवाळीला नव्याने ऐकवत, आणि आजी दर वेळी हसे.

गंमत अशी, की त्यांच्या बराकीवर कोसळणाऱ्या पावसाला बोलावणं त्यांच्याच मुलखातून येत होतं. दोन्ही गोलार्धांतले वारे जिथे एकमेकांना भिडतात, तो ढगांचा पट्टा सूर्यामागे सरकतो. जानेवारीत तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो, जुलैत गंगेच्या मैदानावर. त्याचं पश्चिमेचं टोक सिंध-राजस्थानच्या तापलेल्या भूमीवर टेकतं. त्या भट्टीवरची हवा हलकी होते, दाब उतरतो, आणि अरबी समुद्रावरचे बाष्पभरले वारे तिकडे ओढले जातात. वाटेत सह्याद्री आडवा येतो, वारे वर चढतात, निवतात आणि बरसतात. सिंधवर मात्र पश्चिमेकडची उष्ण कोरडी हवा वरच्या थरात झाकणासारखी बसते. खालची ओल उंच चढूच शकत नाही. हे कळलं तेव्हा ते स्नेही हयात नव्हते.

आजोबांचं आणखी एक सांगणं असे: ‘‘आभाळ डोक्यावरचं नको बघूस, कर्जतकडचं बघ.’’ उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत-नेरळ करत आमच्याकडे येते. डोंगरात कोसळलेलं पाणी काही तासांनी आमच्या दारात पोचतं, मग इथे ऊन का पडलेलं असेना. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त 73. एका शहरात एवढा फरक, तर मुंबईच्या आकड्यावरून बदलापूरचं काय कळणार? 27 जुलै 2019ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे उल्हासच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी नावांनी बाहेर काढावे लागले. जुन्या गावातली माणसं नदीच्या त्या काठाला घर बांधत नसत. आता तिथे पार्किंगसकट संकुलं आहेत, ‘रिव्हर व्ह्यू’चे जादा पैसे घेऊन विकलेली.

तेव्हा बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरकरांनो, जुलैत मोबाइलवर मुंबईचा इशारा आला तर तो वाचाच. पण गाडी तळघरात लावण्याआधी कर्जत-माथेरानला किती पडला, तेवढं विचारून घ्या.