लोहमार्गावर व रेल्वे पुलांवर पायी चालण्याचे धोके

फलाट, पादचारी पूल, भुयारी मार्ग आणि फाटक या नेमून दिलेल्या जागा सोडून रुळांवरून, त्यांच्या कडेच्या खडीवरून किंवा केवळ गाड्यांसाठी बांधलेल्या पुलावरून ये-जा करणे हा भारतीय कायद्यानुसार गुन्हा असून तो देशातील रेल्वेशी संबंधित मृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. यवतमाळ जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. नॅरोगेजच्या संथ गाडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात आता ब्रॉडगेज लोहमार्गाचा विस्तार होत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील लोहमार्ग

यवतमाळ ते मूर्तिजापूर हा दारव्हा, कारंजामार्गे जाणारा ७६२ मिमी रुंदीचा नॅरोगेज मार्ग ब्रिटिश काळात किलिक-निक्सन कंपनीने वऱ्हाडातील कापसाच्या वाहतुकीसाठी उभारला. या मार्गावरील गाडी ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाई. मँचेस्टर येथे १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत या गाडीला जोडले जात असे. त्यानंतर डिझेल इंजिन आले. गाडीचा वेग अत्यंत कमी होता व दिवसभरातील फेऱ्याही मोजक्या होत्या. पुढे ही सेवा बंद पडली.

जिल्ह्याच्या पूर्व भागात माजरी–वणी–आदिलाबाद हा ब्रॉडगेज मार्ग असून वणी परिसरातील कोळशाच्या वाहतुकीमुळे त्यावर मालगाड्यांची वर्दळ असते. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा सुमारे २८४ किमी लांबीचा नवा ब्रॉडगेज मार्ग कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस व पुसद या भागांतून नियोजित आहे. त्यातील वर्धा–कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. वर्धा व पैनगंगा या नद्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहत असल्याने जिल्ह्यात येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या ब्रॉडगेज मार्गांना मोठ्या पुलांवरून जावे लागते.

धोक्याची कारणे

थांबण्याचे अंतर: लोखंडी रूळ व लोखंडी चाक यांतील घर्षण कमी असल्याने गाडी रस्त्यावरील वाहनाप्रमाणे चटकन थांबत नाही आणि तिला बाजूलाही वळवता येत नाही. वेगातील किंवा भारलेल्या गाडीला आपत्कालीन ब्रेक लावल्यावरही थांबण्यासाठी सुमारे एक किलोमीटर अंतर लागू शकते. ताशी १०० किमी वेगाची गाडी एक किलोमीटर अंतर ३६ सेकंदांत कापते. लोको पायलटला रुळावरील माणूस दिसतो तेव्हा बहुधा शिटी वाजवणे व ब्रेक लावणे याखेरीज त्याच्या हाती काही उरलेले नसते.

वेग व आवाजाचा चुकीचा अंदाज: समोरून थेट येणारी मोठी वस्तू प्रत्यक्षापेक्षा संथ भासते. विजेवर चालणाऱ्या इंजिनाचा आवाज वाफेच्या वा डिझेलच्या इंजिनापेक्षा कमी असतो. वारा, वळण, पाऊस किंवा कानातील हेडफोन यांमुळे उरलासुरला आवाजही उशिरा कळतो.

गाडीची रुंदी: ब्रॉडगेजच्या दोन रुळांतील अंतर १,६७६ मिमी असते, तर डब्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास असते. म्हणजे डबा रुळाच्या बाहेर प्रत्येक बाजूला पाऊण मीटरहून अधिक पुढे आलेला असतो. रुळांच्या मधून नव्हे, तर ‘कडेने’ चालणाऱ्यालाही यामुळे धडक बसते.

दुसरी गाडी: दुहेरी मार्गावर एक गाडी जाताच रूळ ओलांडणाऱ्यास शेजारच्या मार्गावरून येणारी गाडी दिसत नाही व पहिल्या गाडीच्या आवाजात ऐकूही येत नाही.

वीजवाहक तारा: विद्युतीकरण झालेल्या मार्गावरील तारांत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. गाडी नसतानाही या तारांत वीज असते. उभ्या डब्याच्या टपावर चढणाऱ्यास तारेला स्पर्श न होताही विजेचा धक्का बसू शकतो.

रेल्वे पुलांवरील धोका

जमिनीवरील रुळांवर असलेल्या माणसाला निदान बाजूला होता येते. पुलावर तीही सोय नसते. अनेक लोखंडी गर्डर पुलांवर खडी नसते. गर्डरवर स्लीपर ठेवलेले असतात व दोन स्लीपरांमधून खालचे पात्र दिसते. पाय अडकणे, घसरणे किंवा तोल जाणे तेथे सहज घडते. पुलाच्या कडेला असलेली अरुंद पायवाट व ठरावीक अंतरावर बाहेर काढलेल्या उभे राहण्याच्या जागा रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी असतात. त्या सार्वजनिक रस्ता नव्हेत.

साध्या गणितावरून या धोक्याची कल्पना येते. ताशी ५ किमी वेगाने चालणाऱ्यास २०० मीटर लांबीचा पूल ओलांडण्यास १४४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ७५ किमी वेगाची मालगाडी ३ किमी अंतर पार करते. स्लीपरवर पाय जपून टाकत ताशी ३ किमी वेगाने चालल्यास २४० सेकंद लागतात व गाडी ५ किमी पुढे येते. म्हणजे पुलावर पाऊल ठेवताना दृष्टीच्या टप्प्यात गाडी नसली, तरी पूल ओलांडून होईल याची खात्री देता येत नाही. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या पात्रात उडी मारणेही प्राणघातक ठरते.

बंद वाटणारे मार्ग

गाडी धावत नाही असे समजून रुळांवर जाणे हे अपघातांचे एक वेगळे कारण आहे. नव्या मार्गावर प्रवासी सेवा सुरू होण्यापूर्वीही खडी व साहित्य वाहणाऱ्या गाड्या धावतात. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीच्या वेळी वेगाची चाचणीही घेतली जाते. मालगाड्यांचे वेळापत्रक जनतेसाठी प्रसिद्ध होत नसल्याने वेळ पाहून रुळांवर उतरणे निरुपयोगी असते. नॅरोगेजच्या जुन्या मार्गावर जी सवय फारशी धोक्याची वाटत नसे, तीच ब्रॉडगेजवर जिवावर बेतू शकते.

महाराष्ट्रातील दुर्घटना

८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली सापडून १६ स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला. टाळेबंदीच्या काळात मध्य प्रदेशातील आपल्या गावी परतण्यासाठी ते जालन्याहून रुळांच्या कडेने भुसावळच्या दिशेने निघाले होते व थकून रुळांवरच झोपले होते. नियमित प्रवासी गाड्या तेव्हा बंद होत्या, मालगाड्या मात्र सुरू होत्या. लोको पायलटने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, परंतु ती वेळेत थांबू शकली नाही.

२२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळील परधाडे येथे पुष्पक एक्सप्रेसला आग लागल्याच्या अफवेने साखळी ओढली गेली. खाली उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या मार्गावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसची धडक बसली. त्यात किमान १२ जणांचा मृत्यू झाला.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय रेल्वे सुरक्षा आढावा समितीने २०१२ च्या अहवालात, रूळ ओलांडताना देशभरात दरवर्षी सुमारे १५,००० व त्यांपैकी सुमारे ६,००० मृत्यू एकट्या मुंबई उपनगरी मार्गांवर होत असल्याचे नमूद केले. मार्गाला कुंपण घालणे आणि पादचारी पूल व भुयारी मार्ग बांधणे हे अशा मृत्यूंवरील प्रमुख उपाय मानले जातात.

कायदेशीर तरतुदी

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रेल्वे सुरक्षा दल व लोहमार्ग पोलीस याबाबत कारवाई करतात. गाडीच्या अपघातात किंवा गाडीतून पडून मृत्यू पावलेल्या प्रवाशाच्या वारसांना मिळणारी वैधानिक भरपाई रुळांवरून चालताना मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबाला सामान्यतः लागू होत नाही. त्यामुळे कमावती व्यक्ती गेल्यावर कुटुंबाचा आर्थिक आधारही तुटतो.

खबरदारी

* रूळ केवळ फाटक, पादचारी पूल किंवा भुयारी मार्गानेच ओलांडावेत. बंद फाटकाखालून जाऊ नये.
* जनावर रुळांवर गेल्यास गाडी येत असताना त्याच्यामागे धावू नये.
* गाडी येताना दिसल्यास रुळांच्या दिशेने न पळता आडवे बाजूला होऊन शक्य तितके दूर जावे.
* गाडी थांबल्यास विनाकारण खाली उतरू नये. उतरावेच लागल्यास शेजारच्या मार्गाच्या बाजूने उतरू नये.
* पुलावर वा रुळांवर छायाचित्रे काढण्यासाठी थांबू नये.
* रुळांवर अडथळा किंवा अडकलेली व्यक्ती दिसल्यास फाटकवाला, जवळचे स्थानक किंवा रेल्वे मदत क्रमांक १३९ यांना कळवावे.