घराला इंटरनेटचा किती वेग पुरतो?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. बोरघाट उतरून बंदरांकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी हा किल्ला मोक्याचा होता. अशा ठिकाणावरून जाळ करून इशारा द्यायचा झाला, तर 'शत्रू आला' किंवा 'नाही आला' एवढेच सांगता येईल. माहितीशास्त्रात याला एक बिट म्हणतात. पहारेकऱ्याच्या कामाला एक बिट पुरतो. वेग किती हवा हे कामावरून ठरते. इंटरनेटचा आपल्याकडील इतिहास तेच सांगतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह काही महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने मिळणारा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. हा वेग कमी होता का? हिशेब करून पाहू. देवनागरीच्या एका चिन्हाला आजच्या प्रचलित संकेतपद्धतीत २४ बिट लागतात. २,००० चिन्हांचे पान म्हणजे ४८,००० बिट. ते ५ सेकंदांत पोचेल. पत्रव्यवहाराला हा वेग उत्तमच! पण आजच्या मोबाइलवरचे २ मेगाबाइटचे छायाचित्र म्हणजे १ कोटी ६० लाख बिट. त्याला सुमारे २८ मिनिटे लागतील.

कामे बदलली तशी सरकारी व्याख्याही बदलली. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडसाठी सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग ठरवला. २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. वरचे छायाचित्र या तीन वेगांनी अनुक्रमे सुमारे ६२, ३१ व ८ सेकंदांत येते.

येथे एक सावधगिरी हवी. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून जाहिरातीतल्या आकड्याला ८ ने भागावे.

आता चौघांचे घर घेऊ. दोन मुलांचे दृक्श्राव्य वर्ग प्रत्येकी साधारण दीड मेगाबिट, दूरचित्रवाणी संचावर स्वच्छ चित्रपट ५ मेगाबिट, इतर किरकोळ कामे २ मेगाबिट. बेरीज झाली १०. चढउतारासाठी दुप्पट धरली तरी २० मेगाबिट पुरतात. याहून फार मोठा वेग घेतला म्हणून पान वाचण्याचा वेग वाढत नाही.

मग अडते कोठे? २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ते दिसले. वरील तिन्ही व्याख्या घरात येणाऱ्या माहितीचाच वेग मोजतात. मुलाने प्रश्न विचारायचा, वही दाखवायची, तर माहिती घराबाहेरही जावी लागते. ती वाट अरुंद असेल तर मूल फक्त श्रोता उरते. दुसरी अडचण वाटणीची. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. प्रत्येकीला १०० मेगाबिट देण्याचे उद्दिष्ट होते. तेवढ्या जोडणीवर एकाच वेळी १०० घरे वर्गात बसली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १ मेगाबिट येतो आणि दीड मेगाबिटचा एक वर्गही धड चालत नाही. तिसरी अडचण भूगोलाची. सुळक्यावरून दूरवरचे दिसते, पण डोंगराच्या आडोशाला असलेल्या घराला मोबाइलचा मनोरा 'दिसत' नाही. तेथे रेडिओलहरी क्षीण होतात आणि कागदावरचा वेग कागदावरच राहतो.

शिक्षकांनी हा हिशेब आठवीनववीच्या वर्गात जरूर मांडावा. प्रत्येक मुलाने घरात एकाच वेळी चालणाऱ्या कामांची बेरीज करावी आणि येण्याचा व जाण्याचा वेग वेगवेगळा मोजावा. गुणाकार-भागाकाराचा सराव तर होईलच; शिवाय गृहपाठ 'पाठवला नाही' आणि 'पाठवता आला नाही' यांतला फरकही आपल्याला कळेल.