तळटीप १४ : ‘खडकीचा धनराज’

१४. धनराज पिल्ले (जन्म १६ जुलै १९६८). आडनाव तमिळ, वाढ मात्र खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतली. वडील मैदानाची देखभाल करत. नवी स्टिक परवडत नसे, म्हणून भावंडे मोडकी स्टिक दोरीने आवळून खेळत. १९८९मध्ये भारतीय हॉकी संघात आले. पुढे चार ऑलिंपिक (१९९२ ते २००४), चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडा स्पर्धा. एवढे खेळूनही ऑलिंपिकचे पदक हाती लागले नाही. १९९८ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली सुवर्ण मिळाले आणि परतल्यावर त्यांच्यासह काही ज्येष्ठांनाच संघातून वगळले गेले. असला उफराटा न्याय आपल्याकडेच व्हावा! २००३चा आशिया चषकही त्यांच्याच कर्णधारपदाखाली जिंकला.

लेखकाने हस्तलिखितात या खेळाला ‘आइस हॉकी’ लिहिले होते. तो खेळ वेगळा : पायांत स्केट, चेंडूऐवजी रबरी चकती, संघात सहा जण. आपल्या देशात तो मुख्यतः लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर चालतो. मजकुरातल्या डाळज गावच्या पोरांनी बर्फ पाहिला तो भिगवणला जाणाऱ्या मासळीच्या खोक्यांत. त्यांचा खेळ उजनी धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावरचा. म्हणून ‘आइस’ हा शब्द येथे गाळला आहे. — संपा.