उत्रोली तर्फेचा जमाखर्च

नीरा नदीच्या खोऱ्यात भोरजवळ वसलेले उत्रोली हे गाव जुन्या कागदांत ‘उत्रवळी’ अशा रूपानेही आढळते, आणि ते तेथे येते ते बहुधा गाव म्हणून नव्हे, तर देशमुखीचे ठिकाण म्हणून. बारा मावळांपैकी रोहिडखोऱ्याची देशमुखी कारीचे जेधे आणि उत्रोलीचे खोपडे या दोन घराण्यांत विभागलेली होती. देशमुख हा परगण्यातील पाटलांचा वरिष्ठ वतनदार असे. लावणी वाढविणे, वसूल गोळा करणे आणि बंदोबस्त राखणे ही त्याची कामे, आणि त्यांच्या मोबदल्यात वसुलाचा ठरलेला भाग, इनाम जमीन व मानपान असा ‘हक्क-लाजिमा’ त्याला वंशपरंपरेने मिळे. आजच्या व्यवहाराच्या नजरेने पाहिले तर वतन ही उत्पन्न देणारी, वाटणी होणारी, गहाण पडणारी आणि प्रसंगी विकलीही जाणारी मालमत्ता होती. ती सांभाळण्यासाठी तलवारीइतकीच हिशेबाची जाण लागे, ही गोष्ट मावळच्या इतिहासात लढायांच्या वर्णनाखाली नेहमीच दबून गेली आहे.

हा हिशेब मात्र देशमुखाच्या हाती नसे. परगण्याची लेखणी देशपांड्याकडे आणि गावची लेखणी कुळकर्ण्याकडे असल्यामुळे वसूल करणारा एक आणि लिहिणारा दुसरा अशी फोड मुळातच झालेली होती. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू हे याच लिहिणाऱ्यांच्या परंपरेतले. (त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या १६४५च्या पत्राच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.) गडावरही हीच रीत होती. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी व हिशेब आणि कारखानिसाकडे कोठारातील जिन्नस अशी कामे वाटून दिल्यामुळे एकट्या माणसाला ना गड फितविता येई, ना धान्य लाटता येई.

लिहिणाऱ्याची तयारी लहानपणापासून होत असे. खरड्यावर टिपलेली नोंद तारखेवार ‘रोजकीर्दी’त जाई, तेथून ती व्यक्तीवार किंवा बाबवार ‘खतावणी’त उतरे आणि वर्षअखेर जमा, खर्च व बाकी यांचा मेळ घालून ‘ताळेबंद’ तयार होई. कागद कसा मांडावा याचे नियम सांगणारी ‘मेस्तके’ नावाची पुस्तके यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावर सांगितली जातात. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेतली जाई. औट म्हणजे साडेतीन. तेव्हा सात जणांना प्रत्येकी साडेतीन पायल्या द्यायच्या असतील तर कुळकर्ण्याच्या तोंडून साडेचोवीस हा आकडा बोरू दौतीत बुडण्याआधीच बाहेर पडे. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी, तसेच वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा व एकशेवीस बिघ्यांचा चावर अशा मापांच्या जगात हे अपूर्णांक तोंडपाठ असणे ही चैन नव्हती. ज्याला ते येत नसत, त्याला खळ्यावर आपला वाटा बरोबर पडला की नाही हेही कळत नसे. बहुतेक रयतेला ते येत नसत, आणि गावकीतील लेखणीची सत्ता या अडाणीपणावरच उभी होती, हे त्या व्यवस्थेचे कौतुक करताना विसरता येत नाही.

हिशेब लिहिता येणे आणि हिशेबाचे फळ कधी पिकेल हे ओळखणे या दोन निरनिराळ्या विद्या होत. दुसरीचा उत्तम नमुना म्हणजे ‘इस्तावा’. दुष्काळाने आणि स्वाऱ्यांनी ओस पडलेली जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाकडून पहिल्या वर्षी नाममात्र धारा घ्यायचा, तो वर्षागणिक ठरलेल्या प्रमाणात चढवीत न्यायचा आणि काही वर्षांनी पूर्ण आकारावर आणायचा, अशी ही चढत्या साऱ्याची पद्धत दादोजी कोंडदेवांच्या कारभारात पुणे प्रांती व मावळात वापरली गेली. आजचे उत्पन्न सोडून उद्याची लागवड विकत घेण्याचा हा सौदा होता. तो लिहिण्यास सोपा आणि पाळण्यास अवघड, कारण तिसऱ्या वर्षी खजिन्यास चणचण भासली म्हणून पूर्ण धारा मागितला, तर कुळ जमीन टाकून परागंदा होई आणि आधीची सारी सूट वाया जाई.

शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात हाच विचार अधिक स्पष्ट झालेला दिसतो. सुभेदाराने गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याच्याजवळ माणूसबळ असून बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसा व पोटासाठी धान्य द्यावे, पुढे त्याला तवाना येईल, म्हणजे ऐपत येईल, तसतसे फक्त मुद्दल उगवून घ्यावे आणि त्यावर वाढीदिढी घेऊ नये, अशी ती आज्ञा आहे. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च करण्याची मुभाही तीत आहे; लारी म्हणजे चांदीच्या तारेचे, किनारपट्टीवर चालणारे नाणे. कर्ज कोणाला द्यावे, कशासाठी द्यावे, केव्हा परत घ्यावे आणि बिनव्याजी दिल्याने सरकारचे नुकसान का होत नाही, हे सारे एका पत्रात आले आहे. अधिकाऱ्याला खर्चाची मर्यादा ठरवून देऊन तिच्या आत त्याच्या विवेकाला वाव ठेवणे, ही त्यातली सर्वांत दूरदृष्टीची बाब म्हणावी लागेल.

उत्रोलीच्या खोपड्यांपुढे निर्णयाची वेळ आली ती १६५९ मध्ये. अफजलखानाच्या स्वारीत सामील व्हावे असे फर्मान आदिलशाहीने १६ जून १६५९ रोजी कान्होजी जेध्यांस पाठविले, तेव्हा कान्होजींनी मुलांसह शिवाजीराजांकडे जाऊन वतनावर पाणी सोडले. खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेला. हा केवळ स्वामिनिष्ठेचा आणि फितुरीचा प्रश्न म्हणून सांगितला जातो, परंतु वतनदाराच्या जमाखर्चात तो निराळा दिसतो. वतनाची किंमत सनदेत होती आणि सनदेची किंमत ती देणाऱ्या दरबारात. विजापूरचा कागद जुना व चाललेला होता, तर शिवाजीराजांच्या कागदाला अजून काळाची कसोटी लागायची होती. खंडोजीचा हिशेब त्यामुळे मूर्खपणाचा म्हणता येत नाही. तो मागच्या वर्षांच्या कीर्दीवरून मांडलेला होता, एवढाच त्याचा दोष. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान पडला, आणि लपत फिरणाऱ्या खंडोजीने अखेर कान्होजींची रदबदली मिळवली. त्यांच्या शब्दाखातर त्याला जीवदान मिळाले, पण एक हात आणि एक पाय तोडण्यात आला.

पुढे वतनदारांचा वसुलावरील मोकळा हात आखडण्यात आला. सभासदाच्या बखरीवरून असे कळते की, पूर्वी देशमुख रयतेकडून भरमसाट घेऊन सरकारात थोडेच भरीत आणि गढ्या बांधून बळावत. महाराजांनी त्या गढ्यांचे हुडे पाडले, वतनदारांचे हक्क नेमून दिले आणि पिकाचे पाच भाग करून तीन रयतेस व दोन सरकारास असा दर ठरविला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदार व सावकार या दोहोंसाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. वतनदाराला अगदी मोडूही नये आणि मोकळाही सोडू नये, तर सावकाराला मात्र मानाने वागवावे, कारण पैशाची ओढ पडते तेव्हा राज्य तोच तारतो, असा त्यातील विचाराचा रोख आहे.

रोहिडखोरे कालांतराने सचिवांकडे आले. अष्टप्रधानांतील सचिव म्हणजे सुरनीस. राजपत्रांतील अधिकउणा मजकूर शोधून कागद शुद्ध करणे आणि महालांचा हिशेब तपासणे हे त्याचे काम. राजारामांच्या काळात या पदावर आलेले शंकराजी नारायण हे भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष. ताराबाईंशी घेतलेली शपथ आणि शाहूंचा हक्क यांच्या पेचात सापडून त्यांनी १७०७ मध्ये भोरनजीक आंबवडे येथे देह ठेवला, आणि शाहूंनी त्यांच्या लहान मुलाकडे, नारो शंकराकडे, सचिवपद कायम केले. ज्या खोऱ्यातील वतनदार हिशेबाला भीत आले होते, ते खोरे अशा रीतीने हिशेब तपासणाऱ्याच्याच घरी गेले. विचित्रगड (रोहिडा), राजगड, प्रचंडगड (तोरणा), पवनमावळ व सुधागड असे तालुके असलेले हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. देशमुखी, देशपांडेपण आणि कुळकर्ण वतने मुंबई विधिमंडळाच्या १९५०च्या कायद्याने संपली, आणि गावच्या दप्तराची किल्ली पगारी तलाठ्याकडे आली. रोजकीर्द, खतावणी, थकबाकी आणि ताळेबंद हे शब्द मात्र दप्तराबाहेर पडून सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक अहवालांत जाऊन बसले.