औषधमात्रेचें मान

वैद्याची चिठी व औषधालयाची नोंदवही हीं इतिहासाचीं अस्सल साधनें होत. परंतु त्यांवरून ‘औषध किती दिलें’ हें काढावयाचें तर आधीं मान निश्चित केलें पाहिजे. शार्ङ्गधरसंहितेंत मागध व कालिंग अशीं दोन मानें सांगितलीं आहेत, हें वाचकांस विदित आहेच. अर्वाचीन युरोपांतही हीच अडचण उभी राहिली.

१९६६-६७ सालीं एंगेल व सिडेरियस यांनीं तेथील औषधांच्या खपाची पाहणी केली, तींत देशादेशांतील मोठी तफावत दिसून आली. १९६९ सालीं ऑस्लो येथें या विषयावर परिषद भरली. किंमत देशोदेशीं निराळी व गोळी लहानमोठी, म्हणून दोन्हीही तुलनेस निरुपयोगी. तेव्हां नॉर्वेच्या अभ्यासकांनीं ‘निर्धारित दैनिक मात्रा’ हें मान सिद्ध केलें. प्रौढ मनुष्यास औषधाच्या मुख्य उपयोगाकरितां रोज लागणारी गृहीत सरासरी मात्रा, असा तिचा अर्थ. १९८२ पासून ऑस्लो येथील केंद्र हें काम पाहतें.

येथें संशोधकानें सावध असावें. तोंडावाटे घ्यावयाच्या अमॉक्सिसिलिनचें हें मान १ ग्रॅम होतें, तें २०१९ सालीं १.५ ग्रॅम झालें. ५०० मिलिग्रॅमच्या ६०० गोळ्या पूर्वीं ३०० मात्रा भरत, त्याच आतां २०० भरतात. गोळी एकही कमी झाली नाहीं. तरी केवळ आंकडे पाहणारा खप तिसऱ्या हिश्शानें उतरला असें लिहून बसेल!

शिवाय हें मान म्हणजे वैद्याची आज्ञा नव्हे. प्रत्यक्ष लिहून दिलेली मात्रा रोग्याच्या नोंदींतूनच वाचावी लागते. ‘५०० मिलिग्रॅम, दिवसांतून तीनदां’ असें लिहिलें असल्यास हिशेब सरळ आहे. परंतु ‘सांगितल्याप्रमाणें’ एवढेंच लिहिलें असल्यास कागद मुका होतो. मग १०० गोळ्या नेणारा रोगी ५० दिवसांनीं परत आला, त्याअर्थीं रोज दोन गोळ्या, असें अनुमान काढतात. तें ग्राह्य असलें तरी अनुमानच होय. नेलेली गोळी पोटांत गेलीच, असें नोंदवही कोठेंही सांगत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, मान कोणत्या सालचें, मात्रा लिहिलेली कीं अनुमानित, व चिठी दिल्याची नोंद कीं औषध नेल्याची, या तीन गोष्टी प्रत्येक आंकड्याशेजारीं नमूद असाव्या. त्यांवांचून काढलेला निष्कर्ष आम्ही प्रमाण मानीत नाहीं.